सिद्धगडाच्या पायथ्याच्या बोली

मुरबाड तालुक्यात भीमाशंकरच्या रांगेला लागून उभा असलेला सिद्धगड आणि तेथून उत्तरेला शहापूरपर्यंत पसरलेला रानपट्टा यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणबी हे समाज शेजारीशेजारी राहतात. त्यांच्या बोलण्याला ठाकरी, कातकरी, वारली अशी जी नावे रूढ आहेत, ती समाजाच्या नावांवरूनच पडलेली आहेत. वस्त्याही ठाकूरवाडी आणि कातकरवाडी अशाच ओळखल्या जात असल्यामुळे जितके समाज तितक्या बोली असा समज सहज होतो, पण तो तपासून घ्यावा लागतो.

या समजाला शास्त्राची मोहर लागली ती जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीमुळे. तिचा मराठीविषयक सातवा खंड नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी तयार केला आणि तो 1905 साली प्रसिद्ध झाला. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची आणि जोडीला 241 शब्दांची व वाक्यांची ठरीव यादी भरून घ्यायची, अशी पद्धत होती. हे नमुने मुख्यतः जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत जमवले जात, म्हणजे ऐकणारा कान बहुधा कचेरीतला असे. या खंडात ठाकरी ही कोकणातील मराठी बोलींत गणली गेली, तर कातकरी आणि वारली यांना गुजरातीकडे झुकणाऱ्या गटात बसवण्यात आले. पुढे जनगणनेने वारलीला ‘कोकणा’ या बोलीसोबत भिली या शीर्षकाखाली नेले. बोलणारे जागचे हलले नाहीत, त्यांची बोली मात्र या फडताळातून त्या फडताळात गेली.

प्रत्यक्ष उच्चाराकडे पाहिले तर रेषा वेगळ्याच निघतात. ‘पाणी’चे ‘पानी’ होणे किंवा ‘विकत’मधला आरंभीचा व गळून ‘इकत’ होणे ही लक्षणे कुणबी, आगरी, ठाकूर अशा अनेकांच्या तोंडी आढळतात आणि घाटावरही ऐकू येतात. उलट ज्या समाजाला एकच नाव आहे, त्याच्या पोटात भेद असतात. अनुसूचित जमातींच्या यादीत का ठाकूर आणि मा ठाकूर ही नावे वेगळी दिलेली आहेत, ल. ना. चापेकर यांच्या 1960 सालच्या सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथातही हे दोन विभाग येतात, आणि तरीही बोलीचा प्रश्न आला की दोघांना मिळून ‘ठाकरी’ हे एकच नाव पुरे मानले जाते.

बोली पुन्हा शिकवायची वेळ आली की या वर्गीकरणाला व्यवहारी धार येते. दूरचे एक उदाहरण पाहता येईल: उत्तर अमेरिकेतील लेनापे लोकांच्या भाषेला ‘डेलावेर’ हे नाव ज्या नदीवरून पडले, ती नदी एका इंग्रज गव्हर्नराच्या नावाने ओळखली जाते. अभ्यासकांनी त्या भाषेचे मुन्सी आणि उनामी असे दोन मुख्य विभाग केले, आणि ओक्लाहोमातील वंशजांनी पुनरुज्जीवनासाठी जो बोलता शब्दकोश उभारला, तो दक्षिणी उनामीच्या आधारावर आहे. त्यामुळे आँटॅरिओतील मुन्सीच्या शिकवणीला त्याचा उपयोग बेताचाच होतो. आश्रमशाळेसाठी ‘ठाकरी’ शब्दसंग्रह करतानाही हाच प्रश्न उभा राहतो: कोणत्या वाडीचा उच्चार छापायचा?

या बाबतीत अ. मा. घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासाठी केलेल्या बोलीपाहणीतील रीत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशी त्या पुस्तकांची नावे आहेत. समाज आणि ठिकाण दोन्ही सांगितल्याने दावा तेवढ्यापुरताच राहतो. अडचण येते ती कातकरीच्या बाबतीत, कारण अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. तेव्हा त्यांच्या बोलीच्या ध्वनिमुद्रणावर गावाबरोबर महिनाही नोंदवावा लागतो.