धडधड पुन्हा आली म्हणून
(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण तो माझ्या घरात घडला.

माझे थोरले बंधू डोंबिवलीहून रोज लोकलने कामाला जात. एकदा ठाणे स्थानकाचा जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली, ती थांबेना. ईसीजीवरून निदान झाले, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. हाइसागेर व सहकाऱ्यांनी दाखविले की, ही थरथर बहुधा फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांपासून सुरू होते. म्हणून जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, त्या शिरांच्या मुखाभोवतीचा भाग उष्णतेने किंवा अतिथंड करून निकामी करतात. हेच कॅथेटर अब्लेशन.

दादांचे अब्लेशन झाले. आम्ही पेढे वाटले. दहा महिन्यांनी धडधड परत आली. घरात बोलणे सुरू झाले, "पैसे पाण्यात गेले!" पण तसे नव्हते. निकामी केलेल्या कड्यातील काही पेशी सावरतात आणि विद्युतलहरींना पुन्हा वाट मिळते. काही रुग्णांना म्हणूनच दुसऱ्यांदा अब्लेशन करावे लागते. त्या वेळी ती फट शोधून बुजवतात. पहिले दोन-तीन महिने धडधड झाली, तर ते अपयश धरत नाहीत.

चूक निराळीच होती. 'बरा झालो' म्हणून दादांनी रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी आपणहून बंद केली होती. एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला. पुढे उपचार झाले, दुसरे अब्लेशनही झाले. हात बराच सुधारला. पण सही जुळेना. बँकेत त्यांच्या नव्या सहीचा नमुना मीच घेतला. तो दिवस मी विसरणार नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. दुसऱ्यांदा करावे लागेल का, खर्च किती, हे आधीच विचारा. रक्तदाब व वजन आटोक्यात ठेवा, दारू सोडा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा.