द्राक्षाला ‘गॅस’ देतात म्हणजे नक्की काय करतात?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, “एक्स्पोर्टच्या द्राक्षाला गॅस मारतात म्हणे. मग ती खायची कशी?” चला, आज तेच बघू. फक्त एक लक्षात घ्या, गॅस एक नाही, दोन आहेत. दोघांचं काम वेगळं, आणि गल्लत तिथेच होते.

पहिला आपल्या नाशिकच्या पेटीत असतो. घड भरून झाले की वर एक कागदी पॅड ठेवतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतला ओलावा त्याला लागला की हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा किडीसाठी नाही, बुरशीसाठी. राखाडी बुरशी इतकी चिवट की शून्य अंशाच्या आसपासही वाढते, म्हणजे नुसत्या कोल्ड स्टोरेजवर भागत नाही. पण माल नीट प्री-कूलिंग न करता पेटी बंद केली, तर आत पाणी सुटतं आणि गॅस एकदम बाहेर पडतो. मग मणी देठाकडून पांढरट पडतात, चव बिघडते. पॅड तेच, कंपनी तीच, फरक तापमानाचा.

आता दुसरा गॅस. मिथाइल ब्रोमाइड. ही खरी धुरी, कीड मारणारी. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडचं नाही, चिलीचं आहे. चिलीची द्राक्षं जहाजाने अमेरिकेत जातात, बरीचशी फिलाडेल्फियाच्या बंदरात. चिलीतला एक बारीक कोळी आपल्या देशात येऊ नये म्हणून अमेरिका या मालाला धुरी द्यायला लावते. बंद जागेत पेट्या रचायच्या, गॅस सोडायचा, साधारण दोन तास ठेवायचा, मग हवा खेळवून गॅस बाहेर काढायचा.

दोनच तास, मग बिघडतं कुठे? थंडीत किडीचा श्वास मंद असतो, त्यामुळे गॅसही नीट लागत नाही. फळ पाच-सहा अंशांवर असेल तर वीस-बावीस अंशांच्या मानाने जवळजवळ दुप्पट डोस लागतो. म्हणजे एक तर डोस वाढवा, नाहीतर इतके दिवस जपून थंड ठेवलेलं फळ गरम करा. दोन्हीकडून मार फळालाच. गरम केलं की त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, पाणी उडतं. पुन्हा थंड करताना मण्यांवर दव धरलं की बुरशीला आयतं निमंत्रण. आणि सगळ्यात आधी काय जातं? घडाची काडी. हिरवी काडी तपकिरी होते. गोडी फारशी बदलत नाही हो, पण खरेदीदार आधी काडीच बघतो! मणी चांगले असूनही भाव पडतो, आणि दुकानात टिकायचे दिवस कमी होतात. हे नुकसान शेवटी बागायतदाराच्याच पट्टीत उतरतं.

म्हणून चिलीवाले वर्षानुवर्षे मागे लागले होते की बागेतच तपासा, पॅकहाउसमध्ये तपासा, पण धुरी सोडा. २०२४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या उत्तरेकडच्या काही भागांसाठी ते मान्य केलं. मला विचाराल तर हाच शहाणपणाचा रस्ता. कीड बागेत रोखणं कटकटीचं असतं, पण फळ तरी वाचतं.

हा गॅस ओझोनचा थरही खातो. मॉन्ट्रियल करारानुसार श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि बाकीच्यांनी २०१५ पर्यंत तो बंद करायचा होता. क्वारंटाइनच्या धुरीला मात्र सूट राहिली. युरोपने २०१० पासून तीही बंद केली. आपला रॉटरडॅमला जाणारा माल या धुरीतून जातच नाही. तिथे भीती औषधाच्या अंशाची, म्हणून तर ‘ग्रेपनेट’वर बागेची नोंद लागते.

मग खायची की नाही? खा की! धुरीचा गॅस हवेत निघून जातो. खरा धोका धुरी देणाऱ्या कामगाराला, कारण या विषारी गॅसला ना रंग, ना धड वास. पॅडवाली द्राक्षं धुऊन खा. दमा असेल आणि सल्फाइटचा त्रास होत असेल, तर मात्र जपून.

हापूसचं गणित वेगळं. अमेरिकेला जाताना विकिरण, जपानला जाताना गरम वाफ. त्यावर पुढच्या बुधवारी बोलू. तुमच्या गावात कुणी पॅकहाउसमध्ये काम करत असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा.