अब्बांची डावी बाजू

(युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लकव्यानंतर माणूस घरी येतो तेव्हा घरच्यांनी काय करायचं, यावर बोलायला मला सांगितलंय. मी डॉक्टर नाही. सोलापुरात शिलाईचं दुकान असलेल्या एका टेलरचा थोरला मुलगा आहे. काय करायचं यापेक्षा मी काय चुकीचं केलं, तेच जास्त सांगता येईल.

तीन वर्षांपूर्वी एका पहाटे अब्बांचा डावा हात उचलेना. तोंड वाकडं झालं. घरात कुणीतरी म्हणालं, वारं गेलंय, तेल चोळा. आम्ही उजाडेपर्यंत तेल चोळत बसलो. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळलं. तेव्हा वेळ टळून गेली होती. तुम्ही एवढं तरी लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की तेल शोधू नका, रिक्षा शोधा. आणि सीटी स्कॅन जिथे होतं तिथेच न्या.

दोन महिन्यांत अब्बा काठी घेऊन चालू लागले. बोलणं स्वच्छ होतं. सगळे म्हणाले, अल्लाहचा शुक्र, बरे झाले. आम्हीही तेच धरून चाललो. खरी गडबड तिथून सुरू झाली.

ताटातला उजवीकडचा भात ते संपवायचे आणि डावीकडचं सालन तसंच ठेवून अम्मीवर चिडायचे, वाढलंच नाही म्हणून. अम्मीने ताट फिरवलं की सालन 'आलं' म्हणून खूश. दाढी उजव्या गालाचीच नीट केलेली असायची. नमाजच्या शेवटी उजवीकडे सलाम फेरायचे आणि तिथेच थांबायचे. मी त्यांना सांगायला गेलो की म्हणायचे, "मेरेकू सब दिखता. तू तेरा काम कर." घरात एकच शब्द झाला होता: हट्टी. आणि माझ्या डोक्यात दुसरा, जो मी मोठ्याने बोलत नव्हतो: सठियागए.

नंतर एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावी बाजू कोरी. बाईंनी समजावलं ते असं. डोळे ठीक आहेत. पण मार बसलाय तो मेंदूच्या उजव्या भागाला, आणि डावीकडे लक्ष देण्याचं काम त्याच भागाचं. त्यामुळे अब्बांसाठी जगाची डावी बाजू अंधारात नाही, ती नाहीच. आणि आपलं काही हरवलंय हे न जाणवणं हाही त्याच आजाराचा भाग असू शकतो. म्हणजे ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो, ती जखम होती.

पण हे कळायच्या आधी मी दोन गोष्टी करून बसलो होतो.

पहिली, ईदच्या आधीची. अब्बा न सांगता दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या कुर्त्याचं कापड टेबलावर पसरून कापलं. कापडाचा डावा भाग त्यांनी धरलाच नव्हता, खडूची रेघ मधूनच सुरू झाली होती. मी गिऱ्हाइकासमोर ओरडलो. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसावर, ज्याने मला सुईत दोरा ओवायला शिकवलं. कात्री आणि मापाची वही मी घरी नेऊन कपाटात ठेवली. त्यानंतर अब्बा खिडकीशी बसून राहू लागले. जेवण कमी, बोलणं बंद. लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध असतं. आम्ही म्हणत राहिलो, सब्र करा.

दुसरी गोष्ट पुढे सांगतो.

बाईंनी विचारलं, यांना आवडतं काय? मी म्हणालो, पेपर. अब्बा रोज एक मराठी आणि एक उर्दू पेपर वाचायचे. त्यांनी दोन्ही मागवले, आणि तिथे मला पहिल्यांदा त्यांचं जग दिसलं. मराठी ओळ डावीकडून सुरू होते, म्हणून मथळ्याची सुरुवात गळायची. काय झालं ते कळायचं, कोणाचं ते नाही. उर्दू उजवीकडून, तिथे शेवट गळायचा. कोणाचं ते कळायचं, काय झालं ते नाही. अब्बांनाही हे ऐकून हसू आलं. कित्येक महिन्यांनी.

उपाय साधा होता, कंटाळवाणा होता. पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी. मराठी वाचताना आधी लाल शोधायचं, मग ओळ सुरू करायची. उर्दूत लाल येईपर्यंत ओळ संपली असं मानायचं नाही. ताटाच्या डावीकडे लाल रुमाल. आम्ही डाव्या बाजूला बसून बोलायचं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते म्हणतात. आमचे ते बरेचसे भांडणात गेले. तरी पुढेही होत राहिली, रोज अर्धा तास.

आपण घरात एक भाषा बोलतो, बाहेर दुसरी, आणि यावरून आपल्याला कमी टोमणे बसत नाहीत. म्हणून एक सांगून ठेवतो. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६०८ रुग्णांचा एक अभ्यास २०१६ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात छापून आला. स्ट्रोकनंतर ज्यांची विचारशक्ती शाबूत होती, त्यांचं प्रमाण एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के होतं आणि एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोघांत जवळपास सारखं. दुसरी भाषा म्हणजे तावीज नव्हे. ब्लड प्रेशरची गोळी रोज घ्यावीच लागते.

आता ती दुसरी गोष्ट. अब्बा खिडकीशी बसलेले असताना मी दुकानाच्या भाडेपट्ट्याचा कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. भाडेकरूचं नाव बदलून माझं. मराठीत टाइप केलेला. त्यांनी वाचल्यासारखं केलं आणि उजवीकडे खाली सही केली. व्यवहार कुणालातरी बघावा लागणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्यांना अर्धी ओळ दिसते याचा अंदाज मला तोवर आला होता, आणि मी गप्प राहिलो.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी कपाट उघडलं. कात्री हवी होती. सोबत तो कागद निघाला. मी कामावरून आलो तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता, डाव्या कडेला लाल पट्टी लावलेली. त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यहाँ से पढ़."

मी वाचला. मोठ्याने, पहिल्या शब्दापासून.

महिन्याभराने आम्ही दोघं जागामालकाकडे गेलो. नवा कागद दोघांच्या नावावर आहे. सही करण्याआधी अब्बांनी तो दोनदा वाचला. मालकाला घाई होती, त्याला थांबावं लागलं.