किमतीची चूक आणि दिलेला शब्द

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाजार ही समाजाची एक मोठी शाळाच होय. आठवडे बाजारात विक्रेत्याने सांगितलेला भाव, गिऱ्हाइकाने केलेली घासाघीस आणि अखेरीस दोघांनी मान्य केलेली रक्कम, एवढ्यात कराराचे बहुतेक शास्त्र सामावलेले असते. विसार घेतल्यानंतर सौदा फिरवणाऱ्यास गावात कोणी भला म्हणत नाही. आता हाच बाजार मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. तेथे विक्रेत्याचे तोंड दिसत नाही, त्याचे गाव ठाऊक नसते, आणि भाव मांडणारा हातही पुष्कळदा माणसाचा नसून यंत्राचा असतो. अशा बाजारात भाव चुकीचा पडला, ग्राहकाने मागणी नोंदवली, पैसे भरले, आणि मागाहून ‘किंमत चुकली होती’ असे कळवून विक्रेत्याने मागणी रद्द केली, तर ग्राहकाचा हक्क कोणता? शाळेसाठी साहित्य मागवणाऱ्या मुख्याध्यापकांपासून मुलाच्या शिक्षणासाठी पदरमोड करणाऱ्या पालकांपर्यंत सर्वांशी हा प्रश्न निगडित आहे.

प्रथम कराराचे मूळ तत्त्व पाहावयास हवे. दुकानात मांडलेल्या वस्तूवरील किमतीची चिठ्ठी हा विक्रीचा प्रस्ताव नसून ग्राहकाने प्रस्ताव करावा यासाठी दिलेले निमंत्रण होय, असे इंग्लंडच्या न्यायालयाने १९५३ साली बूट्स या औषधविक्रेत्यांच्या खटल्यात स्पष्ट केले. आपल्याकडील करारविचारातही हे तत्त्व रुजलेले आहे. म्हणून केवळ पडद्यावर किंमत दिसली एवढ्याने करार होत नाही. ग्राहक मागणी नोंदवतो तो प्रस्ताव, आणि विक्रेता ती स्वीकारतो तेव्हा करार पुरा होतो. खरा वाद येथेच उद्भवतो. मागणी निश्चित झाल्याचा संदेश ही स्वीकृती, असे ग्राहक मानतो. तर अनेक विक्रेते आपल्या अटींत, माल रवाना झाल्याचा संदेश हीच स्वीकृती, असे लिहून ठेवतात. त्या अटी वाचल्यावाचून होकाराची खूण करण्याची सवय सुशिक्षितांनाही जडलेली आहे.

करार पुरा झाला असेल तर ‘आमची चूक झाली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम २२ सांगते की, वस्तुस्थितीविषयी एकाच पक्षाची चूक झाली होती, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. स्वस्ताईच्या जाहिरातीबद्दलही ग्राहक संरक्षणाचा कायदा स्पष्ट आहे. ज्या सवलतीच्या किमतीस माल द्यावयाचाच नाही, त्या किमतीची जाहिरात करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय.

ओडिशातील एक प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१४ साली अ‍ॅमेझॉनच्या संकेतस्थळावर सुमारे साडेतेवीस हजार रुपयांचा लॅपटॉप अवघ्या १९० रुपयांस दाखवला गेला. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासासाठी तो मागवला. थोड्याच वेळात किमतीचे कारण देऊन मागणी रद्द करण्यात आली. विद्यार्थ्याने जिल्हा मंचाकडे तक्रार केली. आपण केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो, असा कंपनीचा बचाव होता; तो टिकला नाही. पुढे राज्य आयोगाने २०२१ साली भरपाईची रक्कम वाढवली आणि नुकसानभरपाई, दंडात्मक भरपाई व खर्च मिळून ४५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. तक्रार चिकाटीने चालवली म्हणून न्याय मिळाला खरा. परंतु त्यास सहा वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

नाण्याची दुसरी बाजू सिंगापूरच्या एका खटल्यात दिसते. जानेवारी २००३ मध्ये डिजिलँडमॉल या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरच्या लेसर प्रिंटरची किंमत चुकून ६६ डॉलर पडली. मध्यरात्रीनंतर सहा जणांनी एकमेकांस निरोप धाडून मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. विक्रेत्याच्या यंत्रणेने मागणी निश्चित झाल्याचे संदेशही आपोआप पाठवले. तरीही २००४ साली उच्च न्यायालयाने आणि २००५ साली अपील न्यायालयाने खरेदीदारांचा दावा फेटाळला. किंमत चुकली आहे हे त्यांस कळून चुकले होते, आणि कळूनसवरून दुसऱ्याच्या चुकीवर झडप घालणाऱ्यास कायदा साहाय्य करीत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हे दोन निकाल निरनिराळ्या देशांतील आणि निरनिराळ्या कायद्यांखालील आहेत, त्यामुळे एकावरून दुसरा ठरवता येणार नाही. तथापि ते शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट मनात ठसते. एकाने स्वतःच्या गरजेपुरती एक वस्तू घेतली होती. दुसऱ्यांनी चूक ओळखून शेकडो वस्तूंचा ढीग मागवला होता. ग्राहकाच्या हक्काचे बळ त्याच्या सद्भावात असते. विक्रेत्याने दिलेला शब्द पाळावा, ही अपेक्षा ज्यास धरावयाची आहे, त्याने स्वतःचा तराजूही सरळ ठेवला पाहिजे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम यांनी ग्राहकाच्या हाती पुढील साधने दिली आहेत. प्रत्येक ऑनलाइन व्यापारी संस्थेस तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. संस्था स्वतः एकतर्फी मागणी रद्द करील तेव्हा तितकाच आकार सोसण्यास तयार नसेल, तर मागणी रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून तिला आकार घेता येत नाही. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. अखेरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

परंतु पुराव्यावाचून कोणताही हक्क पांगळा ठरतो. किंमत दाखवणारे पान, मागणी निश्चित झाल्याचा संदेश, पैसे भरल्याची नोंद आणि रद्द केल्याचे पत्र, ही चारही कागदपत्रे दिनांकासह जपून ठेवावीत. मूळ रक्कम परत आली म्हणजे सारे भरून निघते असे नाही. तीच वस्तू अधिक दाम मोजून अन्यत्र घ्यावी लागली असेल, तर त्या खरेदीची पावतीही जोडावी. नुकसान किती झाले हे तिच्यावरूनच सिद्ध होते.

शिक्षकाचे कार्य मात्र येथे संपत नाही. शाळाशाळांतून बालबाजार भरतात. मुले भाजी आणतात, भावाच्या पाट्या रंगवतात, सुटे पैसे मोजतात. त्या वेळी एका पाटीवर ५० ऐवजी ५ असा आकडा पडला तर काय करावे, हा प्रश्न वर्गापुढे अवश्य ठेवावा. विकणाऱ्याने शब्द पाळावा की माल मागे घ्यावा? घेणाऱ्याने चूक दाखवून द्यावी की गप्प बसून पिशवी भरावी? शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. दोन्ही बाजूंनी मुलांस बोलू द्यावे. एका मुलास आज विकणारा आणि उद्या घेणारा केले की, न्याय कशास म्हणतात ते त्यास व्याख्येवाचून उमगते. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी हा पाठ घेणे विशेष समयोचित ठरेल.

आपल्या हक्कासाठी निर्भयपणे कागद मांडणारा, आणि दुसऱ्याची चूक दिसताच ती त्यास दाखवून देणारा नागरिक घडवणे, हेच ग्राहक शिक्षणाचे ध्येय होय. त्याचा पाया प्राथमिक शाळेतच घातला जावा, एवढीच विनंती.