सामाईक म्हणजे बेवारस नव्हे

(नेकनूर येथील जमीन-जंगल हक्क मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. वस्तीवर, पाड्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवावा.)



आपण नेकनूरात बसलोय, तर सुरुवात इथल्या आठवडी बाजारापासूनच करू. बाजारतळावर एखादी माळव्याची पाटी घेऊन बसणारी बाई वर्षानुवर्षं एकाच जागी बसते. तिच्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर भांडण होतं, आणि चार माणसं तिच्याच बाजूनं बोलतात. ती जागा तिच्या मालकीची आहे का? नाही. तिला ती विकता येणार नाही. पण तिचा हक्क तिथं आहे आणि तो सगळ्यांना मान्य आहे. बाजारतळ सगळ्यांचा आहे, म्हणून तो कोणाचाच नाही, घेऊन टाका, असं कोणी म्हणत नाही.

हेच आपल्याला तहसीलात गेल्यावर जंगलाबद्दल आणि गायरानाबद्दल सांगता येत नाही. साहेब विचारतो, "मालक कोण?" आपण म्हणतो, "सगळ्यांचंय." साहेब लिहितो, "सरकार." आणि हे तो मनानं लिहीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, त्याचं कलम 20 काढून बघा. जी जमीन कोणाच्या मालकीची ठरत नाही ती राज्य सरकारची, असं तिथं आहे. आपल्या बापजाद्यांनी जी जमीन मिळून वापरली तिच्यावर एकाचं नाव नव्हतं, म्हणून ती या कलमाच्या पोटात गेली.

म्हणून आधी मालकी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्यातली कितीतरी माणसं निम्म्या वाट्यानं शेळी सांभाळायला घेतात. शेळी कोणाची? ज्यानं विकत घेतली त्याची. ताबा कोणाचा? सांभाळणाऱ्याचा. दूध त्याचं, लेंडीखत त्याचं, करडं निम्मी निम्मी. विकायची झाली तर मालकाला विचारावं लागतं. म्हणजे एका शेळीत चार-पाच हक्क झाले आणि ते दोन घरांत वाटले गेले. जमिनीचंही असंच असतंय. कसायचा हक्क, पीक न्यायचा हक्क, दुसऱ्याला अडवायचा, पोरांना द्यायचा, गहाण टाकायचा, विकायचा हक्क. हे सगळे एकाच माणसाकडं असले की आपण त्याला पूर्ण मालक म्हणतो. पण वेगवेगळे असले तरी प्रत्येक हक्क हा हक्कच असतो. विकायचा हक्क नाही म्हणजे काहीच हक्क नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सातबाऱ्यावर तर "मालक" असं लिहिलेलंच नसतं. तिथं "भोगवटादार" असतं. वर्ग एक असेल तर सहसा विकायला मोकळा, वर्ग दोन असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. शेजारी "इतर अधिकार" असा रकाना असतो. आपली माणसं वरचं नाव वाचतात आणि कागदाची घडी घालतात. इतर अधिकार आधी वाचा. कूळ, बोजा, बंदी सगळं तिथं लपलेलं असतं. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे. कलम 157 प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची, एवढंच त्याचं बळ. खोटी नोंद पुराव्यानं खोडता येते.

पुरावा कुठला? इथं मराठवाड्यात आपल्याला निजामाच्या कागदांपर्यंत जावं लागतं. 1317 फसली, म्हणजे 1907-08 च्या सुमाराचा हैदराबादचा जमीन महसूल कायदा होता. त्यात दोन शब्द होते: पट्टेदार आणि शिकमीदार. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावावर सारा लागला तो. शिकमीदार म्हणजे पट्टेदारासारखाच हक्क असणारा, किंवा पहिल्यापासून त्याच्याबरोबर ताब्यात असणारा. म्हणजे सरकारला सारा द्यायला एक नाव हवं होतं, म्हणून थोरल्याचं नाव लागलं. पण हिस्सा सगळ्यांचा होता आणि तो कायद्यालाही ठाऊक होता. पुढं कागद बदलत गेले, शिकमीदाराचं नाव गळालं, आणि आज थोरल्याचा नातू म्हणतो, "तुमचं नाव कुठंय?" 1954-55 च्या खासरा पत्रकाची नक्कल काढली की कधीकधी ते नाव सापडतं. निजामाच्या काळचे कागद उर्दूत असतात. जुन्या शाळेत शिकलेलं एखादं म्हातारं माणूस वाचून देईल, ते आहे तोवर वाचून घ्या. (इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी: तुमच्याकडं नावापुढं "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नाही.)

आता सामाईक. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपली खरी फसवणूक इथंच होते.

पहिलं सामाईक भावाभावांचं. चार भावांची आठ एकर, वाटणी झालेली नाही. कायदा म्हणतो, प्रत्येकाचा हिस्सा मातीच्या कणाकणात आहे. विहिरीजवळचं धाकट्याचं आणि माळाचं थोरल्याचं, असं वाटणी होईपर्यंत नसतं. एकजण ऊसतोडीला गेला आणि दुसऱ्यानं पेरलं, म्हणून गेलेल्याचा हक्क बुडत नाही. भावाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरतात. पण या सामाईकाला एक दार उघडं आहे. कोणीही एकजण वाटणी मागू शकतो. संमती असेल तर तहसीलदार करून देतो, भांडण असेल तर दिवाणी कोर्ट. शिवाय एकजण आपला न वाटलेला हिस्सा परक्याला देऊ शकतो, आणि तो परका मग वाटणी मागत दारात उभा राहतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मध्ये हे आहे. म्हणून जमिनीचे एजंट चौघांना एकत्र कधी भेटत नाहीत. ज्याच्यावर उचल फिटायची आहे, ज्याच्या घरात दवाखाना आहे, त्या एकाला गाठतात.

आदिवासीच्या जमिनीला इथं कुंपण आहे. महसूल कायद्याचं कलम 36 आणि 36-अ. बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, काहीही करायचं तर जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते, आणि पाच वर्षांपर्यंतचं गहाण वा भाडेपट्टा सोडला तर वर शासनाचीही मान्यता. बीड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून हे कलम इथं चालत नाही, असं इथल्या भिल्ल-पारधी भावांना सांगितलं जातं. ते खोटं आहे. हे कलम माणसाच्या जमातीकडं बघतं, जिल्ह्याकडं नाही. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देऊन मात्र कुंपण आपणच मोडतो.

दुसरं सामाईक गावाचं. यात वाटणी नाहीच. कोणाचा हिस्सा अमुक गुंठे, असं म्हणता येत नाही. विकता येत नाही. गावात आहात तोवर हक्क आहे, आणि आपल्या पोरांना तो जन्मानंच मिळतो. वनहक्क कायदा 2006 मध्ये सामूहिक हक्क आहेत ते या जातीचे. वैयक्तिक पट्टा आणि सामूहिक पट्टा यांत घोळ करू नका. वैयक्तिक पट्टा म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही आणि नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. आपल्याकडं एक कोयता म्हटलं की मुकादम दोन माणसं मोजतो. मग पट्ट्यावर एकच नाव कसं चालेल?

सामूहिक हक्कात एक शब्द बारकाईनं बघा. जंगलाच्या जमिनीबद्दल कायदा राखण्याचा, वाढवण्याचा, व्यवस्थापनाचा हक्क म्हणतो. पण गौण वनउपजाबद्दल तो सरळ "मालकी" म्हणतो. आपल्या बालाघाटच्या डोंगरात रानची सीताफळं किती पिकतात! जमीन वनखात्याच्या कागदावर असली तरी हक्क मान्य झाला की फळ गावाच्या मालकीचं. डिंकाचं, मधाचं, टेंभुर्णीच्या पानाचं तेच. फळ उतरवायला व्यापारी कोणाला पैसे देतो, हे तेव्हा ग्रामसभेनं विचारायचं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गौण वनउपज आहे की नाही, यावर वनखातं अडून बसलं. अखेर 2011 साली वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढं 2013 साली या गावानं आपली खाजगी शेतंसुद्धा 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला देण्याचं ठरवलं. मालकी ग्रामसभेची, कसणं ज्याचं त्याच्याकडं. सगळ्यांनी तसं करावं असं आम्ही म्हणत नाही. पोटापुरती कोरडवाहू असलेल्याला ती भीती वाटणारच. पण भावाभावांच्या सामाईकाचं उघडं दार त्यांनी बंद करून घेतलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गायरानाचं वेगळं. गायरान वनजमीन नसेल तर तिथं वनहक्काचा दावा चालत नाही. ते कलम 22 खाली गुरांसाठी राखलेलं असतं, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नाही. पंचायत त्याची देखरेख करते, मालक नव्हे. सरपंचाला ते कोणाला देऊन टाकता येत नाही. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानानं गायरान कसणाऱ्या भूमिहीनांसाठी मोठा लढा दिला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची कसणूक नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला आहे, तरी कितीतरी घरं अजून दंडाच्या पावत्या जपून बसलीत. जपाच. ती पावती ताब्याचा पुरावा आहे. गुरं चारणारा आणि गायरान कसणारा यांच्यात भांडण लावून तिसराच जागा नेतो, म्हणून किती कसायचं आणि किती चारायचं ते गावानं बसून ठरवावं. ठराव लेखी करा.

आता तारखेचं बोलू. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की वस्तीवर म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. कोरम कुठून होणार? सभा पोळ्यानंतर, टोळ्या निघायच्या आधी घ्या. येताना खासऱ्याची नक्कल, जुना-नवा सातबारा, दंडाच्या पावत्या, रेशनकार्ड, जातीचा दाखला असेल तर तो, नसेल तर तसंच या. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. त्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा म्हणून चालतो. कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका, आम्हालाही नाही.