हाताची शस्त्रक्रिया आणि मनाचे बळ
(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कोयत्याने किंवा यंत्रात सापडून हात जायबंदी झाला, की आपण रुग्णास तातडीने रुग्णालयात नेतो. शल्यविशारद तुटलेली शीर जोडतात, टाके घालतात आणि आता सारे झाले, अशी आपली समजूत होते. वस्तुतः निम्मे कार्य तेथून पुढे सुरू होते व ते रुग्णालाच करावयाचे असते.

बोटे मिटविणाऱ्या दोरीसारख्या शिरेला वैद्यकात कंडरा म्हणतात. जोडलेली कंडरा बहुधा पहिल्या काही दिवसांतच, आधारपट्टी बांधून, तज्ज्ञ सांगतील तेवढीच हलवावी लागते. हात अगदी निश्चल ठेवला तर ती भोवतालच्या भागास चिकटते व बोट ताठरते. फाजील जोर दिला तर जोड तुटतो. जड काम साधारणतः १२ आठवडे वर्ज्य असते.

येथे स्वभावाचा संबंध येतो. भित्रा रुग्ण दुखेल या धास्तीने बोट हलवीत नाही. उतावळा रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच घागर उचलतो. खिन्न झालेल्या रुग्णास व्यायामाची उमेदच राहत नाही. जखम सारखीच असूनही एकाचा हात कामास लागतो व दुसऱ्याचा अडून राहतो, याचे एक कारण हे आहे. हाताच्या विकारांवरील अनेक अभ्यासांतून असे आढळले आहे की, रुग्णास जाणवणारी वेदना व असहायता जखमेच्या तीव्रतेइतकीच, कित्येकदा तिच्याहून अधिक, नैराश्य आणि भीती यांच्याशी निगडित असते.

याचा अर्थ वेदना खोटी असते, असा मुळीच नव्हे. सूज वाढणे, पू येणे, ताप, बोट निळे वा बधिर होणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तेथे "मनाचे खेळ" म्हणून दुर्लक्ष करणे घातक ठरेल.

मग आपण काय करावे? घरच्यांनी "आता हा हात कसला कामाचा!" असे उद्गार काढू नयेत, व्यायामाच्या वेळी जवळ बसावे. कार्यालयप्रमुखांनी उपचारासाठी सवड व काही काळ हलके काम द्यावे. शिक्षकांनी जखमी विद्यार्थ्यास लिहिण्याची घाई करू नये. झोप उडणे, सतत उदासी, जिवावर उदार झाल्याची भाषा दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

हात कसा आहे, हे आपण रुग्णास विचारतोच. त्याबरोबर मन कसे आहे, हेही विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.