घाटाच्या तोंडाशी गाडीची घरघर



सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर, तोरणमाळ वसलेलें आहे. शहाद्याहून निघालें कीं म्हसावद आणि राणीपूर मागें टाकून रस्ता डोंगराला भिडतो व सात पायरीच्या घाटानें वळणावर वळण घेत पठारावर चढतो. वर यशवंत तलाव, गोरखनाथाचें देऊळ, महाशिवरात्रीची यात्रा. खालीं शहाद्याची बाजारपेठ, दवाखाने, कचेऱ्या. या दोहोंमधील वाट गाडीवांचून उरकत नाहीं. म्हणूनच येथें गाडीच्या पोटांतून येणारा अनोळखी आवाज ही एकट्या मेस्त्रीच्या कामाची गोष्ट राहत नाहीं. त्याचा अर्थ चुकीचा लावला, तर एक तर धडधाकट गाडी उगाच अडून बसते, नाहीं तर बिघडलेली गाडी माणसांसह घाटांत उतरते.

समजा, श्रावणांतील एक सकाळ आहे. दोन दिवस पावसानें उघडीप दिली आहे. पठारावरच्या एका पाड्यांतून एक सासू आपल्या दिवस भरलेल्या सुनेला घेऊन जुन्या जीपगाडींत बसली आहे. तिला शहाद्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें आहे. पाड्याची वाट अजून चिखलाची, म्हणून ड्रायव्हरनें चारहि चाकांना जोर देणारा दांडा ओढून घेतला. चिखल संपला, सुकलेली डांबरी सडक लागली, आणि दोन-चार वळणें झालीं न झालीं तोंच खालून घरघर सुरू झाली. स्टीअरिंग जड झालें. वळणावर गाडी हिसके देऊं लागली. घाटाचा उतार तर अजून पुढेंच आहे. ड्रायव्हर तरुण, तो घाबरून चहाच्या टपरीशीं गाडी उभी करतो. तेथें एक म्हातारा ड्रायव्हर बसला आहे. त्याची हयात याच घाटांत गेलेली.

"बाबा, गिअरपेटी गेली वाटतं. दुसरी गाडी मागवूं का?"

"कोणत्या गिअरांत वाजते?"

"तें कांहीं पाहिलं नाहीं."

"मग आधीं तें पाहा, पोरा. गाडी सांगते आहे. आपण ऐकायला नको का?"

म्हाताऱ्याच्या या बोलण्यांत सगळी विद्या आली. आवाज कोठून येतो हें कानाला नेमकें कळत नाहीं. लोखंडी सांगाड्यांतून तो पुढून मागें, मागून पुढें धांवतो. पण आवाज केव्हां येतो, हें मात्र कोणालाहि पडताळून पाहतां येतें. त्यासाठीं चार प्रश्न पुरतात. पहिला : आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो, कीं चाकांच्या? दुसरा : सरळ जातांना येतो, कीं वळतांना? तिसरा : जोर देतांना येतो, कीं पाय काढल्यावर? चौथा : दोन चाकांवर येतो, कीं चारांवर? आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर कोणाचें, तें समजत नाहीं.

तरुणानें आठवून सांगितलें : गाडी उभी असतां इंजिन कितीहि फिरवलें तरी आवाज नाहीं. चालत्या गाडींत क्लच दाबला तरी आवाज राहतो. सरळ सडकेवर तो कमी होतो, वळणावर वाढतो. "आणि छोटा दांडा?" म्हाताऱ्यानें विचारलें. तरुणानें दांड्याकडे पाहिलें आणि जीभ चावली. तो अजून चार चाकांवरच होता.

येथें या गाडीची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. जीपगाडी दुसऱ्या महायुद्धाच्या कामासाठीं जन्मली. विलीज कंपनीचा 'एम् बी' हा नमुना १९४१ सालीं निघाला. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें ही गाडी भारतांत आणली, आणि डोंगरी मुलुखांत ती पिढ्यान् पिढ्या राबली. इंजिनाचा जोर आधीं गिअरपेटींत जातो. तिच्या मागें दुसरी पेटी असते, तिला ट्रान्सफर पेटी म्हणतात. तेथून एक फिरता दांडा मागच्या आंसाकडे आणि एक पुढच्या आंसाकडे जातो. दोन्ही आंसांच्या पोटांत डिफरन्शियल असतें. त्यामुळें वळतांना आंतलें चाक कमी आणि बाहेरचें जास्त फिरूं शकतें. परंतु पुढचा आंस आणि मागचा आंस या दोघांमध्यें तशी सवलत जुन्या जीपगाडींत नाहीं. दांडा चारांवर टाकला कीं दोन्ही आंस एकमेकांशीं जखडले जातात. दोघांनीं बरोबरीनेंच फिरलें पाहिजे.

आतां वळणाचा हिशेब पाहूं. विलीज गाडीच्या दोन आंसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारें २०३ सेंटिमीटर. मागच्या आंसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहे असें धरलें, तर काटकोन त्रिकोणाच्या नियमानें पुढच्या आंसाच्या मध्याची त्रिज्या सुमारें ६.३३ मीटर येते. घाटांतील एका उलट्या वळणांत अर्धें वर्तुळ पुरें होतें. तेवढ्यांत मागचा आंस १८.८५ मीटर चालतो आणि पुढच्याला १९.९० मीटर चालावें लागतें. एका वळणांत एक मीटरहून अधिक फरक! चिखलांत किंवा सुट्या खडीवर चाक थोडें घसरतें आणि हा फरक फिटून जातो. सुक्या डांबरावर टायर घसरत नाहीं. मग तो फरक दांड्यांत, दातांत आणि टायरांत पीळ होऊन सांठतो. ओलें धोतर दोन टोकांनीं पिळावें, तशी सर्व यंत्रणा पिळली जाते.

पुष्कळांचा असा समज असतो कीं डावें वळण घेतल्यावर उजवें आलें म्हणजे पीळ आपोआप उलगडेल. तो खोटा आहे. वळण डावें असो वा उजवें, पुढची चाकें नेहमीं मागच्यांहून अधिकच चालतात. म्हणून वळणागणिक पीळ वाढत जातो, आणि कोठें तरी टायर उडी मारून घसरतो तेव्हांच कमी होतो. तो हिसका, तें जड स्टीअरिंग आणि ती घरघर, तिन्ही एकाच दुखण्याचीं लक्षणें होत. तसेंच चालवीत राहिलें तर क्रॉस, दात किंवा पेटीच खरोखर मोडते. दुखणें नव्हतें तेथें दुखणें होतें. पुढचे आणि मागचे टायर कमीजास्त झिजलेले असले, तर सरळ रस्त्यावरहि हाच पीळ पडतो. कांहीं नव्या गाड्यांत दोन आंसांच्या मध्येंहि डिफरन्शियल बसविलेलें असतें. त्यांना सुक्या रस्त्याची ही मनाई लागू नाहीं. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हें तिच्या पुस्तिकेंत पाहून ठेवावें.

तरुणानें दांडा ओढून पाहिला, तो हलेना. पीळ पडला म्हणजे तो असाच अडकून बसतो, आणि अशा वेळीं हिसडे मारूं नयेत. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून त्यानें मागची वाट मोकळी पाहिली आणि गाडी हळूहळू चार-पांच मीटर मागें घेतली. पीळ उलगडला, आणि 'ठक्' असा आवाज होऊन दांडा दोन चाकांवर आला.

घरघर थांबली, पण पुरती नाहीं. तिच्याखालीं दडलेली एक बारीक, धातूवर धातू घासल्यासारखी खरखर आतां ऐकूं येऊं लागली. मोठा आवाज गेला म्हणून पुष्कळजण येथेंच थांबतात. म्हातारा थांबला नाहीं. त्यानें गाडी सपाटीवर चालवून पाहण्यास सांगितलें. खरखर चाकाच्या वेगाबरोबर वाढे, जोर दिला-काढला तरी बदलत नसे, आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला कीं तिचा सूर पालटे. म्हणजे ती चाकाजवळची, ब्रेकच्या अंगाची. चाकांना दगडांची उटी लावून पुढचें डावें चाक जॅकवर उचललें. ब्रेकची तबकडी आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्यें पाड्याच्या वाटेवरील एक खडा अडकून बसला होता. पत्रा किंचित् वांकवतांच तो खालीं पडला. तबकडीला खोल ओरखडा नाहीं, ब्रेक नीट लागतो, चाक मोकळें फिरतें, एवढें पाहून मगच चाक खालीं टेकविलें.

हें इतकें सोपें निघालें. पण नेहमींच असें निघेल असें नाहीं. दांडा दोन चाकांवर आणूनहि घरघर राहिली असती, तर शोध पुढें न्यावा लागला असता. त्यासाठीं गाडी सपाट जागीं, हातब्रेक ओढून आणि चाकांना उटी लावून उभी करावी. ट्रान्सफर पेटी मोकळी केली म्हणजे गिअर घातलेला असला तरी गाडी घरंगळूं शकते, हें विसरूं नये. अशा स्थितींत इंजिन चालू ठेवून क्लच दाबावा. दाबल्यावर आवाज उमटला तर क्लचचें बेअरिंग संशयित. सोडल्यावर उमटला तर गिअरपेटींतील बेअरिंग. गाडी चालतांना एकाच गिअरांत आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात पाहावे.

आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर पेटीच्या पुढील भागांकडे वळावें. चाकाच्या बेअरिंगचा आवाज अखंड घुमणारा असतो. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हां तो वाढला तर उजवें चाक उचलून, वरून-खालून धरून हलवून पाहावें. जोर देतांना एक सूर आणि पाय काढतांच दुसरा, असें असेल तर आंसाच्या पोटांतील क्राऊन-पिनियनची जोडी तपासावी. पुढचें चाक पुरतें वळविलें असतां टकटक झाली तर पुढच्या आंसाच्या टोकाचा सांधा झिजलेला असतो. फिरत्या दांड्याचा क्रॉस कोरडा पडला कीं आधीं चिमणीसारखा चिवचिवतो आणि पुढें गाडी निघतांना 'टण्' करून वाजतो. येथें मोजणीहि उपयोगी पडते. विलीजच्या लष्करी गाडींत चाकाचा एक फेरा होतो तेव्हां दांड्याचे ४.८८ फेरे होतात. म्हणजे ठोका चाकाच्या फेऱ्यागणिक एकदांच पडत असेल तर दोष चाकाकडे, जवळजवळ पांचदां पडत असेल तर दांड्याकडे.

पावसाळ्यांतील ओढे हें आणखी एक कारण. धांवून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा आकसते. तिची हवा घेण्याची नळी चिखलानें बुजलेली असली तर आंस ऑईल सीलवाटे पाणी ओढून घेतो. मग तेल दुधासारखें पांढुरकें होतें आणि वंगणाचा गुण गमावतें. ओढे ओलांडणाऱ्यानें म्हणूनच तेल अधूनमधून पाहावें. तेलाच्या बुचाला लोहचुंबक असेल, तर त्यावरची करडी, मऊ पेस्ट ही नेहमींची झीज होय; कपऱ्या, सुया किंवा दाताचा तुकडा निघाला तर ती झीज नव्हे, मोडतोड आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा : उतरावें कीं थांबावें? ब्रेक लागतांना कडकडाट होतो, चाक हातानें डुलतें, फिरत्या दांड्याचा क्रॉस सैल झाला आहे, किंवा गिअर आपोआप सुटतो. यांपैकीं एकहि लक्षण असलें तर गाडीनें घाटांत पाऊल टाकूं नये. मग दुसरी गाडी बोलवावी आणि झालेला उशीर सोसावा. सुटलेला दांडा उतारावर आवरतां येत नाहीं, आणि सुटलेल्या गिअराबरोबर इंजिनाचा रोधहि जातो. यांपैकीं कांहीं नाहीं अशी खात्री झाली, तरच निघावें.

तरुणाच्या गाडींत यांपैकीं कांहींच नव्हतें. साऱ्या तपासाला अर्धा तासहि लागला नाहीं. सासूनें टपरीवरून सुनेला घोटभर पाणी पाजलें. म्हातारा एवढेंच म्हणाला, "दुसऱ्या गिअरांत उतर, आणि पुढचा चिखल संपला कीं आधीं दांड्याकडे बघ." गाडी सात पायरीच्या पहिल्या वळणाला लागली, आणि टपरीवर बसलेल्यांना ती दिसेनाशी झाली तरी ऐकूं येत होती. इंजिनाचा एक संथ, सारखा सूर होता. त्याखालीं दुसरा कोणताहि आवाज नव्हता.